पोटावरची कानस

मी दार ढकललं तेव्हा साचेवाला माझं पोट कानशीने घासत होता. खाली वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्यावर पांढरा भुगा पडत होता. मला पाहून त्याचा हात थांबला, पण कानस काही त्याने खाली ठेवली नाही. मी विचारलं, हे काय चाललंय? तो म्हणाला, "जरा साफ करतोय." मी विचारलं, किती साफ? त्याने खालच्या भुग्याकडे पाहिलं, जणू उत्तर तिथे पडलं होतं.

तीर्थरूप आत्या, नमस्कार. घाबरू नकोस. पोट प्लास्टरचं होतं. माझं स्वतःचं माझ्यापाशीच आहे (होतं, त्याबद्दल पुढे येईल). पत्र आधी वडीलधाऱ्यांच्या तब्येतीपासून सुरू करावं असं तू शिकवलंस आणि मी ते भलतीकडूनच सुरू केलं, त्याबद्दल रागावू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत? शिलाई मशीनचं पायडल आता जड जातं असं बाबा सांगत होते. तेल घालतेस ना? (मशीनला. गुडघ्यांना तू लावणार नाहीस हे मला माहीत आहे.) बाबांचा खोकला बरा आहे असं तेच म्हणतात, म्हणजे बरा नसावा. मी मजेत आहे असं लिहिणार होते. पण परवा फोनवर मी ताप येऊन गेल्याचं सांगितलं, तर तू नुसतं "हं" म्हणालीस आणि फोन ठेवून दिलास. तो हं रागाचा होता की काळजीचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. फोनवर तू गप्प बसलीस की ते गप्प बसणं मला ऐकू येतं आणि माझं बोलणं अडतं. म्हणून लिहिते आहे. तुला काही मागायला हे पत्र नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझ्या कामाबद्दल तू कधी विचारलं नाहीस आणि मीही नीट सांगितलं नाही. माझं पहिलं काम वजन उतरवणाऱ्या एका पावडरीच्या जाहिरातीत होतं. डावीकडे "आधी" आणि उजवीकडे "नंतर" असे दोन फोटो होते. मी आधी होते. नंतर म्हणून दुसरीच एक बाई होती, जिचं नाक माझ्यासारखं होतं. पावडर आम्हा दोघींपैकी कुणीही खाल्लेली नव्हती. जाहिरात भिंतीवर लागली आणि लोक मला रस्त्यात थांबवून विचारायला लागले, की तुम्ही अजून आधीच कशा? मी सांगायचे, डबा संपला. ते मान हलवून पुढे जायचे. त्यांना माझ्याबद्दल खरंच वाईट वाटत असावं.

त्याच फोटोवाल्याने मग मला कपड्यांच्या कॅटलॉगचं काम दिलं. तिथे मला कळलं की फोटोतला कपडा कुणालाच बसत नाही. बारीक मुलींना तो सैल होतो, म्हणून पाठीमागे चिमटे लावून आवळतात. पुढून पाहणाऱ्याला वाटतं, अंगावरच बेतलाय. माझ्या नंबरचा कपडा मुळात शिवलेलाच नसायचा. म्हणून एखाद्या बारीक मुलीचा घ्यायचे, पाठीत वरपासून खालपर्यंत कापायचे, मला समोरून चढवायचे आणि कापलेल्या कडा चिकटपट्टीने माझ्या पाठीला चिकटवायचे. पुढून मी नटलेली. मागून मी उघडी. (चिकटपट्टी निघताना काय होतं ते लिहीत नाही. तू हे जेवताना वाचत असशील.) त्या काळात मी कुणालाही पाठ दाखवली नाही. लोकांना वाटायचं, पोरगी विनयशील आहे. चहा घेऊनसुद्धा मी उलट्या पावलांनी बाहेर जायचे.

मग तो कार्यक्रम झाला, ज्याबद्दल पेपरात आलं. एका लांब हॉलमध्ये मधोमध चालायचं होतं. बाकीच्या मुली टोकाला जाऊन वळून परत येत होत्या. मला सांगितलं होतं, वळायचं नाही. तू सरळ जा आणि टोकाच्या दाराने बाहेर पड. मी सरळ गेले. दारासमोर रंगाऱ्याने शिडी उभी करून ठेवली होती आणि शिडीच्या पायाशी रंगाचे डबे होते. मी तिथे उभी राहिले. मागे गाणं चालू होतं. ते संपलं, पुन्हा सुरू झालं. शेवटी मी वळले. कापलेलं कापड, चिकटपट्ट्या आणि त्यांच्यामधून बाहेर आलेली माझी पाठ, असं सगळं हॉलने पाहिलं. मग पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने टाळ्या वाजवल्या. तिला नक्की काय आवडलं हे मला तिला विचारता आलं नाही, कारण तोवर सगळेच वाजवायला लागले होते.

पेपरात लिहिलं की या मुलीने सौंदर्याच्या जुन्या कल्पनांना पाठ दाखवली. आजही मुलाखतीला आलेली माणसं विचारतात, एवढं धाडस कुठून आलं? मी सांगते, दारात शिडी होती. ती हसतात आणि वहीत धाडस असंच लिहून घेतात. त्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार. तू म्हणालीस, "कापड तिरकं कापलंय. म्हणून कडा ताणल्यात." पुढे भिंतीभिंतींवर मी लागले, मासिकांच्या पहिल्या पानावर आले, मोठमोठ्या लोकांनी माझ्याबरोबर उभं राहून फोटो काढून घेतले, आणि प्रत्येक वेळी तू फोन करून खांद्यावर झोल आहे किंवा बाही उलटी बसवलीये एवढंच सांगितलंस. (बाही खरोखरच उलटी होती. मी कुणाला बोलले नाही.)

या सगळ्यात एक बाई मला आठवते. बस थांब्यावर माझं पोस्टर होतं आणि त्याच्याखाली मी बसची वाट पाहत होते. तिने आधी पोस्टर पाहिलं, मग मला पाहिलं आणि सरळ मिठी मारली. माझ्याच बांध्याची होती. रडली. म्हणाली, तुम्हाला पाहून मी पहिल्यांदा आरशासमोर दिवा लावून उभी राहिले. मग डोळे पुसून तिने विचारलं, हा कपडा कुठे मिळतो? मला सांगावं लागलं की मिळत नाही. तो पाठीत कापलेला आहे. ती "हो का" म्हणाली. माझी बस येईना. फोटो बदलले होते, आत्या. कपडे होते तेच होते.

म्हणून एका मोठ्या दुकानाने जेव्हा सांगितलं की आम्ही तुमच्या नंबरचे कपडे शिवणार, तेव्हा मी एका पायावर तयार झाले. त्यासाठी पुतळा लागतो. तुला माहीत आहे, तू नाही वापरलास कधी. तू मलाच स्टुलावर उभी करायचीस. पण कारखान्यात पुतळ्यावर कापड लावून बेततात, आणि त्याचंच पोट पुढे शहरभरच्या बायकांच्या वाट्याला येतं. तर माझ्या अंगावरून साचा घ्यायचं ठरलं. साचेवाला एका शेडमध्ये काम करतो. बायकांचे साचे त्याची बायको घेते, तो पडद्यापलीकडे प्लास्टर कालवत "झालं का?" विचारत राहतो. बाईने अंगाला तेल लावलं, ओल्या पट्ट्या बसवायला घेतल्या आणि म्हणाली, नेहमी उभ्या राहता तशा राहा. मी राहिले. ती म्हणाली, "अहो, अशी कोण उभी राहते? भांडायला निघाल्यासारखी?" मी खाली पाहिलं. एक हात कमरेवर, भार एका पायावर, पोट पुढे. मी म्हटलं, माझी आत्या. दारात. मी उशिरा घरी आले की. तिने तो कमरेवरचा हात तसाच पट्टीत गुंडाळला. साचा छान निघाला. तुला पाहवला असता की नाही, माहीत नाही.

तोच पुतळा साचेवाला घासत होता, जेव्हा मी दार ढकललं. त्याचा दोष नाही. त्याला दुकानाच्या बाईंनी सांगितलं होतं. या बाई दुकानाच्या काचेमागे काय उभं राहावं ते ठरवतात. मी त्यांना मनात चष्मेवाली म्हणते, कारण त्यांचे दोन चष्मे असतात, एक डोळ्यांवर आणि एक डोक्यावर, आणि हवा असतो तो नेमका दुसरा. मी त्यांच्याकडे गेले. त्या अगदी गोड बोलल्या. "अहो, आम्हाला तुम्हीच हव्या आहात. फक्त जरा कमी." मी म्हटलं, कमी म्हणजे? "पोट तेवढं आत. पुतळ्याला पोट शोभत नाही." मी म्हटलं, पुतळा जेवत नाही म्हणून. त्या हसल्या आणि म्हणाल्या, नंबर तुमचाच राहील, नावही तुमचंच राहील, काळजी करू नका.

मला तीच तर काळजी होती. कपड्याच्या गळ्याशी माझा नंबर लिहिलेला असणार आणि आत पोटाला जागा नसणार. तुला ते दुकान आठवतं का, जिथे तू मला पहिला विकतचा फ्रॉक घ्यायला नेलं होतंस? कपडे बदलायच्या खोलीत तो माझ्या डोक्यावरून उतरला आणि काखेत अडकला. वर जाईना, खाली येईना. माझे दोन्ही हात वर, तोंडावर कापड, आत उजेड निळा. बाहेरून दुकानदार म्हणाला, मुलीच्या वयाचाच आहे, बसायला पाहिजे. मी आत श्वास धरून उभी होते. मला वाटत होतं, श्वास धरला की मी बसेन. तेव्हा तू दाराशी येऊन मला म्हणालीस, "श्वास सोड." आणि त्याला म्हणालीस, "माप तुमचं चुकलंय. पोरीचं नाही." मग आपण कापड घेऊन घरी आलो आणि तू शिवणीत भरपूर माया ठेवून फ्रॉक शिवलास. माझ्या मुलाखतींची लोक कात्रणं करून ठेवतात, पण त्यांत मी इतक्या वर्षांत तुझं ते माप चुकल्याचं वाक्यच सांगत आलेय. चष्मेवालीचा पुतळा जर काचेमागे उभा राहिला, तर त्या खोलीत आणखी किती पोरी हात वर करून अडकतील, आणि दुकानदार कपड्यावर माझं नाव दाखवून म्हणेल, बसायला पाहिजे.

मी नाव काढून घेईन म्हटल्यावर चष्मेवाली नमल्या. पहिला साचा तर पुतळा काढताना फुटला, पुन्हा घेऊ, जसा असेल तसा ठेवू, म्हणाल्या. मी जिंकून घरी आले आणि मला ताप भरला. तो बरेच दिवस राहिला. अन्नावरची वासनाच गेली. पाणीसुद्धा कडू लागायचं. उठून बसता आलं तशी मी शेडमध्ये गेले. साचेवाल्याच्या बायकोने टेप माझ्या पोटाभोवती फिरवली, आणि टेपचं टोक लोंबायला लागलं. तिने पुन्हा फिरवली. ती एकदा माझ्याकडे पाहायची, एकदा त्या घासलेल्या पुतळ्याकडे. तेवढ्यात चष्मेवाली आल्या, दोन्ही चष्मे बदलून त्यांनी मला आणि पुतळ्याला न्याहाळलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "बघा! आता तर हा अगदी तुम्हीच!" त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना मनापासून आनंद झाला होता. भांडण मिटलं होतं. पुतळ्याने माझ्यासारखं व्हायचं नाकारलं, तर मी पुतळ्यासारखी होऊन आले होते. माझं सगळं म्हणणं माझ्या पोटात होतं आणि ते उतरलं होतं.

त्यातून लोक. जिन्यात, दुकानात, लिफ्टमध्ये माझं अभिनंदन करतात. शेजारीण म्हणाली, "अय्या, किती छान बारीक झालीस! काय केलंस?" मी म्हटलं, ताप आला. तिने विचारलं, "कुठला?" तिने तो लिहून घेतला असता असं मला वाटलं. आणि त्या पावडरवाल्यांचा फोन आला. त्यांना माझा "नंतर" हवा आहे. एवढ्या वर्षांनी त्यांची जाहिरात खरी होणार म्हणून ते गहिवरले होते. मी नाही म्हटलं. (लगेच नाही. पण म्हटलं.)

आता गोष्ट अशी अडली आहे. येत्या आठवड्यात घासलेला पुतळा कारखान्यात जाईल आणि त्याच्या पाहिजे तेवढ्या प्रती निघतील. मग काही करता येणार नाही. चष्मेवाली वाईट नाहीत. त्या म्हणाल्या, मला तुमचा जुना नंबर पाहिजे. साच्याला तुम्ही उभ्या राहा नाहीतर त्या मापाची दुसरी कुणी राहू दे, आहे तसा पुतळा मी काचेमागे ठेवीन, पण कारखान्याची गाडी यायच्या आत. मी खाते आहे. पण अंग जातं पटकन आणि परत यायला त्याची मर्जी लागते. मी दोघी-तिघींना विचारलं. एक म्हणाली, नवऱ्याला विचारते, आणि नंतर फोनच उचलेना. बँकेतली एक तयार झाली, म्हणाली आनंदाने राहीन, फक्त त्याआधी महिनाभर द्या, थोडी कमी होते.

असो. तू काळजी करू नकोस. औषधं वेळेवर घेते. बाबांना नमस्कार सांग आणि खोकल्याचं खरं काय ते तूच कळव.

तुझी,
ठमी

ता. क. हवापालट म्हणून चार दिवस इकडे येऊन जा. माझ्याकडे पलंग रुंद आहे आणि जिन्याला कठडा आहे.

ता. क. पुन्हा. हवापालट वगैरे काही नाही. इथली हवा तिथल्यासारखीच आहे. वर लिहिलं की काही मागायचं नाही, ते तेवढं सोडून दे. मला तुझं अंग हवंय. लहानपणापासून सगळे म्हणत आले, पोरगी आत्यावर गेली, आणि म्हणताना असा चेहरा करायचे जसा डॉक्टर करतात. ज्या अंगाचे मी फोटो काढून घेतले ते मुळात तुझं आहे. माझं उतरलं, तुझं जागेवर आहे. घरातल्या फोटोंमध्ये मी तुला शोधून पाहिलं. प्रत्येक फोटोत तू आहेस आणि प्रत्येक फोटोत तुझ्यापुढे काहीतरी आहे. कधी खुर्ची, कधी कुणाचं पोर. बहुतेक वेळा ते पोर मीच आहे. पुतळ्याला डोकं नसतं. तू आहेस हे मला सोडून कुणाला कळणार नाही. पट्ट्या बाईच बसवते, साचेवाला पडद्यापलीकडे असतो. गुडघ्यांसाठी मागे टेकायला लाकडी घोडा ठेवायला मी सांगितलं आहे.

ता. क. शेवटचं. नाही म्हणालीस तरी चालेल. (चालणार नाही.)

दुसऱ्या दिवशी. हे पत्र मी टाकलं नाही. सकाळी पाकीट शोधत होते तेव्हा बेल वाजली. दारात तू होतीस, एका हातात पिशवी, दुसरा कमरेवर. म्हणालीस, "फोनवर आवाज बारीक झाला होता. गाडी मिळाली तशी आले." मग मला वरून खालपर्यंत पाहिलंस आणि विचारलंस, "कपडे कुणाचे घातलेस?" मी पत्र तुझ्या हातात दिलं. तू खिडकीपाशी बसून ते वाचलंस. चहा गार झाला. पत्राची घडी घातलीस आणि म्हणालीस, "ते प्लास्टर गार असतं की गरम?" मी सांगितलं, आधी गार, मग आपोआप ऊन होतं. तू चप्पल घातलीस. म्हणालीस, शिवण अर्धी सोडू नये, पत्रही नाही. पुरं करून ठेव. म्हणून घरी आल्यावर हे लिहिते आहे, तू आत झोपली आहेस.

शेडमध्ये शिरताना तू पुढे होतीस. साचेवाल्याच्या बायकोने तेलाची बाटली काढली. तू आधी टेबलापाशी गेलीस, तिथली कानस उचललीस, आपल्या पिशवीत टाकलीस आणि पडद्यापलीकडे ऐकू जाईल असं म्हणालीस, "जाताना परत देईन."